वेब अ‍ॅप बनवायचंय, मग पहिलं फ्रेमवर्क कोणतं निवडायचं? हापूसच्या ऑर्डरवहीवरून समजून घेऊया

रत्नागिरीत मार्च उजाडला की आंबा बागायतदाराच्या घरात मोबाइल खाली ठेवायला उसंत नसते. पुण्याहून मेसेज येतो, "दोन पेट्या, अक्षय्य तृतीयेच्या आधी." ठाण्याहून कुणी फोन करतं, "मागच्या वर्षीसारखेच पाच डझन, पण या वेळी जरा कच्चे पाठवा." निम्म्या ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, काही फोनवर, काही वहीत. पैसे कुणाचे आले आणि कुणाची पेटी कालच्या गाडीने गेली, हे सगळं घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात. मग इंजिनीअरिंगला असलेली मुलगी म्हणते, "बाबा, मी वेबसाइट करते ना."

त्या रात्री ती यूट्यूब उघडते. पहिला व्हिडिओ म्हणतो रिअ‍ॅक्ट शिका. दुसरा म्हणतो नुसतं रिअ‍ॅक्ट कशाला, नेक्स्ट शिका. तिसरा नोड, एक्सप्रेस आणि मोंगोडीबीची मोट बांधून दाखवतो. चौथा सांगतो, हे सगळं जुनं झालं. दोन महिन्यांनी तिच्याकडे टू-डू लिस्ट असते, हवामान दाखवणारं एक पान असतं, पण आंब्याची एक ऑर्डर नोंदवून घेईल असं काही नसतं. तोवर मे संपत येतो, झाडं रिकामी होतात आणि पुढची संधी एकदम पुढच्या वर्षी.

उदाहरण हापूसचं असलं तरी होमस्टेचं बुकिंग, क्लासची फी, काजू-कोकमाची विक्री, वाचनालयाची पुस्तकं, सगळीकडे गोष्ट हीच. शिकायची इच्छा असते, मेहनतही असते. सुरुवातीची निवड चुकते.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

कोकणात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. लाकडी चौकट दरवर्षी तीच. तिला नारळ, सुपाऱ्या, काकड्या, रानफळं काय नि कुठे बांधायची, ते घरचे ठरवतात. फ्रेमवर्क ही वेब अ‍ॅपची तशीच चौकट. लॉगिन, डेटाबेसशी बोलणं, फॉर्ममध्ये भरलेली माहिती तपासणं, कोणत्या पत्त्यावर कोणतं पान दाखवायचं, ही कामं प्रत्येक अ‍ॅपमध्ये लागतात. ती कुणीतरी आधीच करून, वर्षानुवर्षं तपासून ठेवलेली असतात. तुम्ही त्यावर तुमचं काम बांधायचं.

गोंधळ इथे होतो की बाजारात 'फ्रेमवर्क' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक सर्व्हरवर चालते. ती ऑर्डर साठवते, हिशेब ठेवते, कोण काय पाहू शकतो ते ठरवते. जँगो, लारावेल आणि रुबी ऑन रेल्स या जातीतली. दुसरी ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालते आणि पडद्यावर काय दिसतं ते सांभाळते. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर, स्वेल्ट यांचं काम ते. (रिअ‍ॅक्टवाले स्वतःला फ्रेमवर्क नव्हे, लायब्ररी म्हणवतात, पण तो वाद आपल्याला इथे नको.) नुसतं रिअ‍ॅक्ट शिकून ऑर्डर कुठेही साठत नाही. आमच्या कल्पनेतल्या मुलीचे दोन महिने नेमके इथेच गेले.

आधी वही उघडा

निवडीची सुरुवात तुलनेच्या तक्त्यापासून करू नका. घरातली जुनी ऑर्डरवही उघडा आणि त्यात काय काय लिहिलंय ते पाहा. ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन. फळाचा आकार, कारण मोठं फळ असेल तर पेटीत चार डझन बसतात आणि लहान असेल तर जास्त. किती पेट्या, काय भाव, आगाऊ किती, बाकी किती. कधी पाठवायची, कोणत्या गाडीने, पोचली का. हे चार टेबलांचं काम आहे: ग्राहक, माल, ऑर्डर, पाठवणी. पडद्यावर काही नाचत नाही, काही क्षणाक्षणाला बदलत नाही. फॉर्म, यादी आणि हिशेब, एवढंच.

आणि हो, ऑर्डर हंगामात पन्नास-साठच असतील तर अ‍ॅप बनवूच नका. गुगल फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट पुरते. ती एका संध्याकाळी तयार होते, घरातल्या सगळ्यांना वापरता येते आणि बिघडत नाही. शीट अपुरी कुठे पडते, ते एका हंगामात कळतं, आणि त्या अडचणींची यादी हाच तुमच्या अ‍ॅपचा आराखडा.

शीट हमखास अडते ती एका ठिकाणी. समजा शेवटच्या पाच पेट्या उरल्यात. पुण्याचा ग्राहक आणि मुंबईचा ग्राहक एकाच मिनिटाला पाच-पाच पेट्या मागतात. दोघांना 'शिल्लक ५' दिसतं, दोघांची ऑर्डर स्वीकारली जाते आणि एकाला फोन करून माफी मागावी लागते. यासाठी डेटाबेसला एकाच आदेशात सांगावं लागतं: शिल्लक पाच किंवा जास्त असेल तरच पाच वजा कर. आधी शिल्लक वाचली, मग वेगळ्या आदेशाने वजा केली, तर मधल्या क्षणात दुसरा शिरतो. चांगल्या फ्रेमवर्कमध्ये हा आदेश एका ओळीत लिहिता येतो. कच्च्या पायावर स्वतः बांधत बसलात तर अशी अडचण असते हे कळायलाच पहिलं भांडण व्हावं लागतं.

फ्रेमवर्क कुठे जन्मलं ते पाहा

प्रत्येक फ्रेमवर्क कुठल्या तरी खऱ्या कामातून निघालेलं असतं आणि त्या कामाचा वास त्याला कायम राहतो. निवडताना मी सगळ्यात आधी हेच पाहतो.

जँगोचा जन्म २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे तिथे काम करत. वर्तमानपत्राचं काम म्हणजे आज मागणी, उद्या सकाळी पान तयार. शिवाय बातमीदारांना स्वतः माहिती भरता यावी म्हणून भरण्याची, शोधण्याची, दुरुस्त करण्याची पानं दर वेळी हवीच. त्या गरजेतून जँगोचं अ‍ॅडमिन निघालं. २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव दिलं गिटारवादक जँगो राइनहार्टचं.

रेल्स २००४ मध्ये आलं. बेसकॅम्प नावाचं काम-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर बांधताना डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी जे बनवलं, त्यातून ते वेगळं काढलं. लारावेल टेलर ओटवेल यांनी २०११ मध्ये आणलं, पीएचपीत लॉगिनसारख्या रोजच्या गोष्टी नीट मिळाव्यात म्हणून.

आणि रिअ‍ॅक्ट? ते फेसबुकमधून आलं आणि २०१३ मध्ये खुलं झालं. फेसबुकची अडचण काय होती? एकाच पडद्यावर लाइक, कॉमेंट, चॅट, नोटिफिकेशन सतत बदलत राहतात आणि एक बदललं की दुसऱ्याला कळायला हवं. ही अडचण खरी आहे, रिअ‍ॅक्टने ती सुरेख सोडवली. पण पेटीच्या ऑर्डरला ती अडचणच नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीतलं काम आपल्या ऑर्डरवहीच्या जास्त जवळचं आहे.

म्हणून पहिला पर्याय जँगो

जँगो पायथन भाषेत आहे. पायथन वाचायला सोपी, शाळा-कॉलेजात शिकवली जाते आणि पुढे डेटाच्या कामालाही लागते. पण नवशिक्यासाठी खरा फायदा अ‍ॅडमिनचा. ग्राहक, माल, ऑर्डर, पाठवणी या चार गोष्टींत काय काय साठवायचं ते पायथनमध्ये लिहिलं, त्यांची अ‍ॅडमिनमध्ये नोंद केली, की लॉगिनसकट भरण्याची, शोधण्याची, गाळून पाहण्याची पानं तयार मिळतात. ग्राहकाला दिसणारं एकही पान बनवण्याआधी घरचे लोक त्यात फोनवरच्या ऑर्डर भरू लागतात. पहिल्या आठवड्यात बाबांच्या हातात वापरता येईल असं काही पडलं, की शिकणाऱ्याचा हुरूप टिकतो. उत्तम ट्युटोरियलने जे साधत नाही, ते यातून साधतं.

रकान्यांची नावं मराठीत देता येतात. सेटिंगमध्ये भाषेचा कोड मराठीचा केला तर अ‍ॅडमिनची बटणंही मराठीत येतात, जिथे भाषांतर नसेल तिथे इंग्रजी दिसतं. पासवर्ड उघडा न साठवणं, फॉर्ममधून होणारी फसवणूक अडवणं, डेटाबेसमध्ये घातक आदेश घुसू न देणं, हे नेहमीच्या पद्धतीने लिहिलंत तर आपोआप सांभाळलं जातं.

दोन बारीक गोष्टी पहिल्याच दिवशी करा. नव्या प्रकल्पात वेळेचं सेटिंग यूटीसीवर असतं. ते आशिया-कोलकाता करा. नाहीतर १० एप्रिलच्या पहाटे चारला आलेली ऑर्डर ९ एप्रिलच्या रात्री साडेदहाची दिसेल आणि पाठवणीची यादी चुकेल. दुसरं, पैशाच्या रकान्याला 'डेसिमल' प्रकार द्या, 'फ्लोट' नको. फ्लोटमध्ये बेरीज-वजाबाकीत पैशांचे बारीक घोळ होतात आणि हंगामाच्या शेवटी हिशेब जुळत नाही.

जँगोचे तोटेही आहेत. सुरुवातीला फाइल बऱ्याच दिसतात आणि कुठली कशासाठी ते कळायला आठवडा जातो. मायग्रेशन, म्हणजे टेबलात केलेला बदल डेटाबेसपर्यंत पोचवणं, हा प्रकार पहिल्यांदा डोकं खातो. आणि स्वस्तातल्या साध्या होस्टिंगवर पायथन अनेकदा नीट चालत नाही. पायथनअ‍ॅनिव्हेअरसारखी सेवा किंवा स्वतःचा छोटा सर्व्हर घ्यावा लागतो.

लारावेल कधी घ्यावं?

तुम्हाला पीएचपी थोडीफार येत असेल, किंवा घरच्या धंद्याची वेबसाइट आधीच पीएचपीच्या साध्या होस्टिंगवर असेल, तर लारावेल घ्या आणि मागे वळून पाहू नका. वेब होस्टिंग विकणाऱ्या बहुतेक सगळ्यांकडे पीएचपी असते, ही मोठी सोय आहे. लॉगिनसाठी तयार संच मिळतो. जँगोसारखं अ‍ॅडमिन मात्र बसल्या जागी मिळत नाही. त्यासाठी फिलामेंटसारखी वेगळी जोड घ्यावी लागते. आवृत्त्याही भराभर येतात, एका आवृत्तीला सुरक्षेचे दुरुस्ती-संच साधारण दोन वर्षं मिळतात. जँगोच्या दीर्घकालीन आवृत्तीला तीन वर्षं. ५.२ ही तशी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली, तिला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे. वर्षातून तीन महिनेच ज्याकडे लक्ष जाणार आहे अशा अ‍ॅपला हा फरक महत्त्वाचा.

इथे आणखी एक कसोटी मी भाषेपेक्षाही वर ठेवतो: अडलं तर विचारायला कोण आहे? रत्नागिरीत फिनोलेक्स अकॅडमी, शासकीय तंत्रनिकेतन, गोगटे-जोगळेकर कॉलेज आहे. तिथे शिकणारं-शिकवणारं ओळखीचं कुणी लारावेलवाला असेल आणि जँगोवाला कुणी नसेल, तर लारावेल निवडा. शेजारच्या आळीतला माणूस अर्ध्या तासात जे दाखवतो, ते शोधायला एकट्याला तीन रात्री लागतात. मराठीतून पाया पक्का करायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात पायथन, पीएचपी-मायएसक्यूएलसारख्या विषयांचे मोफत धडे आहेत. संथ आहेत, पण सुरुवातीला संथच हवेत.

रेल्सचं काय? उत्तम आहे, पुण्यात त्यावर चालणाऱ्या कंपन्या आहेत. रत्नागिरीत विचारायला माणूस सापडणं कठीण, म्हणून मी ते मागे ठेवतो.

छोटं म्हणजे सोपं नव्हे

फ्लास्क आणि एक्सप्रेस यांची शिफारस नवशिक्यांना नेहमी होते, कारण पाच-सात ओळींत पहिलं पान दिसतं. फ्लास्कची मुळं तर एका एप्रिल फूलच्या गमतीत आहेत. २०१० मध्ये आर्मिन रोनाखर यांनी एका फाइलीतलं फ्रेमवर्क थट्टेने जाहीर केलं, लोकांनी ते गंभीरपणे घेतलं, आणि त्यातून पुढे खरं फ्लास्क आलं. आज ते भक्कम आहे. पण लॉगिन कोणतं, डेटाबेसची जोड कोणती, फॉर्म कसे तपासायचे, हे प्रत्येक ठिकाणी तुम्हीच ठरवायचं. अनुभवी माणसाला हे स्वातंत्र्य वाटतं. नवशिक्याला निवडायचं कशाच्या आधारावर तेच माहीत नसतं. विनंती आणि उत्तर हा वेबचा मूळ व्यवहार समजून घ्यायला फ्लास्कवर दोन दिवस घालवा, जरूर. लोकांचे पत्ते आणि पैसे ज्यात येणार ते पहिलं अ‍ॅप त्यात नको. फास्टएपीआयचंही तेच. मोबाइल अ‍ॅपला माहिती पुरवायला छान, पण ग्राहकाला पान दाखवणं हे त्याचं मुख्य काम नाही.

मग रिअ‍ॅक्ट शिकायचंच नाही?

पुण्या-मुंबईत वेबची नोकरी हवी असेल तर शिकायचं, कारण जाहिरातींत ते नाव सारखं दिसतं. फक्त क्रम बदला. आधी एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट, मग सर्व्हर बाजूचं एक फ्रेमवर्क, मग रिअ‍ॅक्ट. एक चालू अ‍ॅप हातात असलं की त्याच्या एका पानावर रिअ‍ॅक्ट लावून पाहता येतं, आणि मुलाखतीत दाखवायला टू-डू लिस्टपेक्षा वजनदार काही असतं.

ग्राहकाच्या बाजूनेही विचार करा. घाटात, गाडीत, एका काडीच्या नेटवर्कवर पान उघडणारा माणूस मोठ्या जावास्क्रिप्ट फाइलची वाट पाहत नाही, तो परत व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. सर्व्हरने तयार करून पाठवलेलं साधं पान हलकं असतं.

मुंबईत बनलेलंही एक आहे

फ्रॅपे हे फ्रेमवर्क मुंबईचं. रुषभ मेहता यांनी उभं केलं आणि इआरपीनेक्स्ट हे धंद्याचं खुलं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. यात 'डॉकटाइप' नावाची युक्ती आहे: ब्राउझरमध्येच रकाने ठरवा, आणि टेबल, फॉर्म, यादी, कोणाला काय दिसावं हे सगळं मिळतं. पायथन आहे, डेटाबेस मारियाडीबी. हिशेब, साठा, बिलं यांच्या दिशेने अ‍ॅप वाढणार असेल तर हे बघण्यासारखं आहे. अडचण उभारणीची. रेडिस, नोड वगैरे बरंच काही आधी बसवावं लागतं आणि विंडोजच्या जुन्या लॅपटॉपवर नवशिक्या तिथेच थकतो. दुसऱ्या वर्षी घ्यायचा विचार करा.

व्हिडिओची तारीख वाचा

जुनी ट्युटोरियल्स ही शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी. हेरोकूची मोफत सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली, तरी 'शेवटी हेरोकूवर टाका' सांगणारे असंख्य व्हिडिओ आजही समोर येतात. रिअ‍ॅक्टची सुरुवात ज्या 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप'ने करायला शिकवत, ते साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे बाद ठरलं. जुन्या अँग्युलरजेएसचा आधार २०२१ च्या शेवटी संपला, आणि २०१६ मध्ये आलेलं नवं अँग्युलर त्याच्याशी जुळत नाही. त्यामुळे नाव तेच दिसलं तरी धडा निरुपयोगी. सवय अशी लावा: आधी फ्रेमवर्कच्या अधिकृत संकेतस्थळावरचं ट्युटोरियल, व्हिडिओ अडेल तिथेच. जँगोचं अधिकृत ट्युटोरियल मतदानाचं छोटं अ‍ॅप बनवतं. ते पूर्ण करा आणि प्रश्न-पर्यायांच्या जागी ग्राहक-ऑर्डर घाला. निम्मं काम तिथेच होतं.

एआयला सांगून कोड लिहून घेणार असाल तर घ्या, पण जुन्या आवृत्तीचा कोड तेही बिनदिक्कत देतं. शिवाय ठरलेली रचना असलेल्या फ्रेमवर्कमध्ये दिलेला कोड कुठे बसतो आणि काय करतो ते तपासता येतं. मोकळ्या रचनेत एआय प्रत्येक वेळी वेगळी पद्धत वापरतं आणि महिन्याभराने ते अ‍ॅप तुमचंच तुम्हाला ओळखू येत नाही. पाच पेट्यांचा तो प्रश्न त्याला मुद्दाम विचारा आणि उत्तर स्वतः दोन ब्राउझर उघडून करून पाहा.

खरे ग्राहक येण्याआधी

लोकांचे पत्ते आणि फोन नंबर तुमच्याकडे येणार आहेत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे. कायदा सोडा, शंभर ग्राहकांची यादी बाहेर गेली तर वर्षानुवर्षांचा विश्वास जातो. जँगोत 'डीबग' चालू ठेवून अ‍ॅप बाहेर टाकू नका, चूक झाली की आतली माहिती पडद्यावर दिसते. गुप्त किल्ली गिटहबवर चढवू नका. डेटाबेसची प्रत रोज रात्री दुसरीकडे जाईल अशी सोय करा, आणि ती प्रत एकदा परत उघडूनही पाहा.

पैशांसाठी पहिल्या वर्षी पेमेंट गेटवेच्या भानगडीत पडू नका. यूपीआयचा क्यूआर दाखवा, ग्राहकाकडून १२ आकडी यूटीआर क्रमांक भरून घ्या आणि बँकेत पैसे दिसल्यावर घरच्या माणसाने अ‍ॅडमिनमध्ये 'मिळाले' अशी खूण करावी.

वेळापत्रक आंब्याचंच धरा. गणपती उरकले की भाषा आणि ट्युटोरियल. दिवाळीनंतर चार टेबलं आणि अ‍ॅडमिन. झाडांवर मोहोर असताना ग्राहकाची दोन पानं: ऑर्डर द्या, आणि माझी ऑर्डर कुठे आहे. फेब्रुवारीत नेहमीच्या दहा ग्राहकांना लिंक पाठवा आणि ते कुठे अडखळतात ते फोनवर विचारा. त्या हंगामात वहीही चालू ठेवा. रोज रात्री वही आणि अ‍ॅप ताडून पाहायचं काम बाबांकडे द्या, वहीतली चूक आणि अ‍ॅपमधली चूक दोन्ही त्यांनाच आधी दिसते.